पोटगी सोडली तर मुलगा माझ्याकडे, असं म्हणतोय. सही करू का?

ओसरी
एरवी वाचनमात्र असते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. गोंधळ झाला तर सांभाळून घ्या.

लग्नाला नऊ वर्षं झाली, मुलगा सात वर्षांचा आहे. गेले चौदा महिने आम्ही वेगळे राहतोय, मुलगा माझ्याकडे. मारहाण नाही, तिसरं माणूस नाही. जमत नाही हे दोघांनाही कळून चुकलंय, त्यामुळे परस्पर संमतीने घटस्फोट घ्यायचं ठरलं. इथपर्यंत भांडण नव्हतं.

मागच्या आठवड्यात त्याने वकिलाकडून कन्सेंट टर्म्सचा, म्हणजे दोघांनी सही करून कोर्टात द्यायच्या अटींचा, मसुदा करून पाठवला. सात पानं आहेत. सहावं कलम असं, की मुलाचा कायमचा ताबा आईकडे, आणि त्या बदल्यात आई स्वतःची व मुलाची मागची, आजची, पुढची सगळी पोटगी सोडते आणि कुठल्याही न्यायालयात ती मागणार नाही. सातवं कलम एका ओळीचं: वडिलांनी मुलाला 'दोघांच्या सोयीने, आपसात ठरवून' भेटावे.

मी नोकरी करते. त्याचा पगार माझ्या अडीचपट आहे. घरचे म्हणतात, पोरगं मिळतंय ना, मग सही कर आणि मोकळी हो. स्वतःसाठी मलाही काही नकोय. पण सहाव्या कलमापाशी आले की पेन थांबतं. माझं काही चुकतंय का? आणि त्याचा वकील म्हणतोय, दोघांना मिळून मी एकटाच पुरेन, उगाच खर्च कशाला. ते कितपत बरोबर?

पायरीवरचा
ओसरीताई, सही करू नका. कारण कायदेवाले सांगतील, पण 'कुठल्याही न्यायालयात मागणार नाही' असं कुणी लिहून घेतलं की समजावं, मागितलं तर मिळेल याची त्याला खात्री आहे.

रोखठोक
अप्रिय वाटेल, पण लिहितो. बाई कमावती आहे, स्वतःच म्हणते काही नको. मग अडतंय कुठे? कोर्टात पाच-सात वर्षं तारखा घेत बसण्यापेक्षा हे बरं. पन्नास टक्के पुरुषांना तर मूल दिसतही नाही.

काळा_कोट
मी फॅमिली कोर्टात वकिली करते. इथे लिहिते ते सर्वसाधारण आहे, तुमचे कागद बघितल्याशिवाय त्याला सल्ला समजू नका. तुम्ही हिंदू विवाह कायद्याखाली येता असं धरून लिहितेय. नोंदणी विवाह विशेष विवाह कायद्याखाली झाला असेल तर कलमांचे आकडे बदलतील.

रोखठोक, आईला काही नको हे ठीक. तिने स्वतःची पोटगी सोडली तर तो तिचा निर्णय. पण मुलाची पोटगी आईची नसतेच, मग ती सोडणार कशी? ती मुलाची आहे. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा 1956 च्या कलम 20 नुसार अज्ञान, म्हणजे अठराच्या आतल्या, मुलाला पोसायची जबाबदारी आई आणि बाप दोघांवर आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2019 साली एका प्रकरणात हेच स्पष्ट केलं. बायको स्वतःची पोटगी, स्त्रीधन यावरचा दावा सोडू शकते. पण मुलीचे (त्या प्रकरणात मुलगी होती) हक्क ती सोडू शकत नाही.

आता उलट बाजू बघा. 'कायमचा ताबा' असं काही नसतं. ताब्याचा आदेश परिस्थिती बदलली की बदलतो. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 26 खाली मुलाचा ताबा, निर्वाह, शिक्षण याबद्दलचे आदेश कोर्ट हुकूमनाम्यानंतरही, म्हणजे घटस्फोटाचा अंतिम आदेश झाल्यावरही, वेळोवेळी फिरवू शकतं. म्हणजे ओसरी, तुमचा नवरा जे विकू शकत नाही ते तुम्हाला विकतोय, आणि जे तुमचं नाही ते तुमच्याकडून विकत घेतोय.

तुम्ही सही केलीत आणि न्यायाधीशांनीही प्रश्न न विचारता ती मान्य केली, तरी उद्या मुलातर्फे अर्ज करता येतो. पण मग ते सगळं भांडून मिळवावं लागतं. आजच नीट लिहून घेतलंत तर एक फेरा वाचतो.

वकिलाचं म्हणाल, तर दोघांत एक वकील हे मला अजिबात पसंत नाही. मसुदा त्याने करून घेतलाय, फी त्याने दिलीय. तुमच्या बाजूने तो कागद वाचणारं माणूस हवं की नको?

ओसरी
'जे विकू शकत नाही ते विकतोय' हे वाचून दोन मिनिटं फोन खाली ठेवला. धन्यवाद.

आणखी एक. सहा महिन्यांची अट आता माफ होते, महिन्याभरात मोकळे होऊ, असं तो म्हणतो.

गणिती
हो, 2017 च्या निकालानंतर सहा महिने लागत नाहीत. माझ्या चुलतभावाचं दीड महिन्यात झालं.

काळा_कोट
गणिती, अर्धं बरोबर.

हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13ब नुसार परस्पर संमतीचा अर्ज करायला आधी किमान एक वर्ष वेगळं राहणं लागतं. पहिला अर्ज दाखल झाल्यावर सहा महिन्यांनी आणि अठरा महिन्यांच्या आत दुसरा, म्हणजे दोघांनी पुन्हा येऊन 'हो, अजूनही हवाय' असं सांगायचं. सर्वोच्च न्यायालयाच्या 2017 च्या अमरदीप सिंग निकालाने सांगितलं की हे सहा महिने कोर्ट माफ करू शकतं. पण त्यासाठी पहिल्या अर्जाच्या आधीच एक वर्ष आणि वर सहा महिने उलटून गेलेले असावेत, समेटाचे प्रयत्न फसलेले असावेत, आणि पोटगी, ताबा वगैरे सगळं खरोखर मिटलेलं असावं. ओसरी चौदा महिन्यांवर आहेत. नंतरच्या निकालांत न्यायालयाने या अटी थोड्या सैल हाताने वापरल्यात, पण त्या भरवशावर घाई करू नका. आणि ज्याची घाई तुम्हाला सांगितली जातेय, ती कुणाची आहे तेही बघा.

'वेगळं राहणं' म्हणजे वेगळ्या घरात राहणंच असं नाही. एका छपराखाली राहूनही नवरा-बायको म्हणून राहत नसतील तर चालतं. सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्येच तसं म्हटलंय. त्याच निकालात दुसरी गोष्ट आहे, ती जास्त कामाची. हुकूमनामा होईपर्यंत संमती टिकली पाहिजे. मधल्या काळात दोघांपैकी एकाने मागे घेतली तर परस्पर संमतीचा घटस्फोट होत नाही. म्हणून एकरकमी काही द्यायचं असेल तर काही भाग पहिल्या अर्जाला, उरलेला दुसऱ्याला, असं वाटून ठेवतात.

खारीचा_वाटा
कशाला एवढं समजूतदारपणे? एक तक्रार ठोका पोलिसात, सुतासारखा सरळ येईल.

काळा_कोट
छळ झाला असेल तर जरूर करावी, आजच करावी. झाला नसेल तर दबावासाठी करू नये. ओसरींनी पहिल्याच परिच्छेदात काय लिहिलंय ते वाचा. खोटं शपथेवर लिहिलं की ते पुढे ताब्याच्या अर्जात तुमच्याच अंगावर येतं.

रविवारचा_बाबा
मी पलीकडच्या बाजूचा. चार वर्षांपूर्वी आमचं झालं, मुलगी तेव्हा सहाची. आमच्याही कागदावर हीच ओळ होती: 'आपसात ठरवून'. तेव्हा वाटलं, किती समंजस आहोत आपण.

पहिले तीन महिने आपसात ठरलं. मग तिला ताप, मग परीक्षा, मग मामाकडे लग्न, मग नुसतंच 'आज नको'. कोर्टात गेलो तर न्यायाधीश विचारतात, आदेशाचा भंग कुठे झाला दाखवा. दाखवणार काय? आदेशात वार नाही, वेळ नाही. बिचाऱ्या आदेशाचा भंगच होऊ शकत नव्हता.

रागाच्या भरात दोन महिने मी पैसे पाठवले नाहीत. हे लिहायला लाज वाटते, पण लिहितो. वाटलं, भेट नाही तर पैसे नाहीत. माझ्या वकिलाने फोनवर झापलं. म्हणाला, हे दोन वेगळे खिसे आहेत, एकातलं दुसऱ्यात घालू नकोस. भेट अडवली म्हणून पोटगी थांबत नाही, आणि पोटगी थकली म्हणून भेट अडवता येत नाही. दोन्ही मुलीचं आहे, तुमचं दोघांचंही नाही.

नंतर अर्ज करून नीट लिहून घेतलं. दुसरा आणि चौथा शनिवार, सकाळी दहा ते रविवारी संध्याकाळी सहा. कुणी कुठून न्यायचं, कुठे सोडायचं. सुट्ट्या अर्ध्या-अर्ध्या. आजारपणाने भेट बुडली तर पुढच्या शनिवारी भरपाई. आणि रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल. त्यासाठी वकिलाने 2020 चा यशिता साहू निकाल दाखवला होता. भेटीचे तपशील कोर्टाने स्पष्ट ठरवावेत, आणि नुसती भेट नाही तर रोज पाच-दहा मिनिटं बोलण्याचाही हक्क असावा, असं त्यात म्हटलंय. तेव्हापासून भांडणं निम्मी झाली. भांडायला जागाच उरली नाही.

ओसरीताई, सातवं कलम तुमच्या नवऱ्याने स्वतःच मोघम ठेवलंय. त्याला वाटतंय मोकळीक राहील. दोन वर्षांनी तोच रडेल. त्याच्यासाठीही ते नीट लिहून घ्या.

पायरीवरचा
बाबा, मनापासून लिहिलंत. 'दोन वेगळे खिसे' टिपून ठेवलं.

रोखठोक
माझा वरचा प्रतिसाद थोडा मागे घेतो. पन्नास टक्के हा आकडा मनाचा होता. पण प्रश्न खरा आहे: कमावत्या बायकोला पोटगी कशासाठी? आणि नवऱ्याची नोकरी गेली तर त्याला कोण देतं?

काळा_कोट
बायको देते. थट्टा नाही. हिंदू विवाह कायद्याचं कलम 24 आणि 25 नवरा-बायको दोघांनाही खुलं आहे. ज्याला गरज, तो मागतो. पण पूर्वीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 125 नवऱ्यासाठी नाही. ते बायको, मुलं आणि आईवडिलांसाठी आहे.

गणिती
125 आता राहिलं नाही ना?

काळा_कोट
बरोबर. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 144. आशय तोच. तोंडात अजून आम्हा सगळ्यांच्या 125च येतं, माफ करा.

कमाईबद्दल: बायको कमावते म्हणून तिचा हक्क आपोआप जात नाही, पण किती मिळेल यावर परिणाम होतो. पगाराचे पंचवीस टक्के हा नियमच आहे असं लोक छातीठोक सांगतात. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात निव्वळ पगाराचे 25 टक्के योग्य ठरतील असं म्हटलं, तिथून ते पसरलं. तक्ता असा कुठल्याही कायद्यात नाही.

2020 च्या रजनीश विरुद्ध नेहा निकालापासून मात्र एक गोष्ट पक्की झाली. पोटगीचा वाद असला की दोघांनीही उत्पन्न, खर्च, मालमत्ता, कर्ज यांचं शपथपत्र ठरलेल्या नमुन्यात द्यायचं. 'मला पगारच नाही, भावाच्या दुकानात बसतो' हे आता तितकंसं खपत नाही. पोटगी अर्ज केल्याच्या तारखेपासून मिळते, आदेशाच्या नाही. मुलांच्या शिक्षणाबद्दलही त्यात आहे: खर्च साधारण बापाने करायचा, पण आई पुरेशी कमावत असेल तर प्रमाणात वाटून घ्यायचा.

अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या, पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत निकाली काढावा असं कायदा म्हणतो. त्या 'शक्यतो'मध्ये काय काय मावतं ते इथल्या अनुभवींना विचारा.

गणिती
अडीचपट म्हणजे पाचास दोन. मुलाच्या खर्चाचे सात वाटे केले तर पाच त्याचे, दोन ताईंचे. ताई, मागच्या वर्षभराचा मुलाचा खर्च मांडा. फी, बस, कपडे, दवाखाना, क्लास, भाड्यातला त्याचा वाटा. डोक्यातून नाही, बँकेच्या नोंदींवरून. आम्ही बहिणीसाठी केलं तर डोक्यातल्या आकड्यापेक्षा प्रत्यक्ष खर्च दीडपट निघाला.

ओसरी
काल रात्री बसले. दीडपट नाही, पण बराच जास्त निघाला. चष्मा आणि दात मी धरलेच नव्हते.

संपादक
धाग्यावर कुणीही नावं, केस नंबर, कोर्टाचं नाव टाकू नये. खारीचा_वाटा यांचा एक प्रतिसाद उडवला आहे.

चौथी_ब
मी कायदेवाली नाही. मी ते मूल होते.

आईबाबांचं भांडण लागलं तेव्हा मी नऊ वर्षांची, चौथीत. न्यायाधीशबाईंनी मला चेंबरमध्ये एकटीला बोलावलं. जायच्या आधी दोन्हीकडून पाठांतर झालं होतं. आजी म्हणाली, 'बाबा ओरडतात' असं सांग. आत्या म्हणाली, 'आई उशिरा येते' असं सांग. दोन्ही खरं होतं, म्हणून मला जास्तच भीती वाटत होती.

त्यांनी 'कोण हवं' असं विचारलंच नाही. विचारलं, शनिवारी काय करतेस? दप्तर कोण भरतं? झोप लागली नाही तर कुणाला उठवतेस? मी सगळं सांगून टाकलं. पाठ केलेलं एकही वाक्य म्हणायची वेळ आली नाही. बाहेर आले तर दोघंही माझ्या तोंडाकडे बघत होते, मी कुणाचं नाव घेतलं ते शोधत. ते बघणं अजून आठवतं.

ओसरीताई, तुमचा मुलगा सात वर्षांचा आहे. आज ना उद्या तो हा कागद वाचेल. मी माझा वाचला, एकोणिसाव्या वर्षी, कपाटात सापडला म्हणून. त्यात माझ्याबद्दल चार ओळी होत्या आणि फ्लॅटबद्दल दीड पान.

काळा_कोट
चौथी_ब, धन्यवाद. मूल समजण्याच्या वयाचं असेल तर त्याची इच्छा विचारात घेता येते, असं 1890 च्या पालक व पाल्य कायद्यात आहे. विचारात घेता येते, म्हणजे तीच शेवटची असं नाही. शेवटी बघायचं ते मुलाचं हित. पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे, हे 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात आहे. पण पाच पूर्ण झाली की आपोआप बापाकडे, असा गैरसमज करून घेऊ नका.

ताबा आणि पालकत्वही एक नव्हे. त्याच कायद्यात 'बाप, आणि त्याच्यानंतर आई' असं लिहिलंय. त्यातल्या 'नंतर'चा अर्थ बाप मेल्यावर असा नाही, तो गैरहजर असेल किंवा लक्ष घालत नसेल तेव्हाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये सांगितलं. तरी पासपोर्ट काढताना, शाळा बदलताना, ऑपरेशनच्या संमतीला हा प्रश्न उभा राहतोच. कोण सही करेल ते आत्ताच लिहा. बदली झाली, गाव बदललं, परदेशी जायचं झालं तर किती दिवस आधी कळवायचं तेही.

पायरीवरचा
आणि सगळं लिहून घेऊनही त्याने पैसे दिलेच नाहीत तर?

काळा_कोट
144 खालचा आदेश असेल तर वसुलीचा अर्ज. प्रत्येक थकलेल्या महिन्यामागे एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, आणि कैद भोगली म्हणून थकबाकी फिटत नाही. अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षात करायचा. हे वर्ष लोक विसरतात, 'देईल देईल' म्हणत बसतात. इतर आदेशांची वसुली दिवाणी हुकूमनाम्यासारखी होते, पगारावर जप्ती आणता येते. कन्सेंट टर्म्समध्येच पगाराच्या खात्यातून थेट मुलाच्या खात्यात, अमुक तारखेला, असं लिहिलं की पुरावाही आपोआप तयार होतो.

अठराव्या वर्षी पैसे थांबवू देऊ नका. कायद्याने मुलगा सज्ञान होतो, पण कॉलेज तेव्हाच सुरू होतं. पदवीपर्यंतचं शिक्षण, असं शब्दांत लिहून घ्या. आणि दरवर्षीची वाढही.

ओसरी, वकिलाच्या फीची काळजी असेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. 1987 च्या कायद्याच्या कलम 12 नुसार स्त्रियांना मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. कमावत्या बाईलाही. हेल्पलाइन 15100.

रोखठोक
हे मात्र माहीत नव्हतं. बहिणीला सांगतो.

ओसरी
तीन आठवड्यांनी येतेय. धागा वर काढल्याबद्दल क्षमस्व.

प्राधिकरणाकडून वकील मिळाल्या. त्यांनी मसुदा वाचला आणि सहाव्या कलमावर नुसती तिरकी रेघ मारली. नवा मसुदा अकरा पानांचा झालाय. मुलाबद्दल साडेचार पानं, चौथी_ब, मोजून.

माझी पोटगी मी सोडली, तसं वेगळ्या कलमात लिहिलं. मुलाच्या खर्चाचे पाचास दोन वाटे. तो आधी उखडला, म्हणाला तुला वकिलाने भरवलंय. मग मी वर्षभराच्या खर्चाचा तक्ता पाठवला. दोन दिवस उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी 'चष्म्याचा नंबर वाढला का?' एवढंच आलं. वाटे मान्य केले. दरवर्षीच्या वाढीवर अजून घासाघीस चालू आहे, आणि पदवीपर्यंतच्या खर्चावर तो 'बघू' म्हणतोय. ते मी सोडणार नाही. घाईही सोडून दिली, पहिला अर्ज अठरा महिने भरल्यावरच.

रविवारचा_बाबांचं भेटीचं वेळापत्रक जवळजवळ तसंच उचललंय. त्यात त्याने एकच बदल सुचवला. रोजचा फोन साडेआठला लिहिला होता, तो म्हणाला नऊला ठेव, जेवण झाल्याशिवाय तो धड बोलत नाही. खरंच बोलत नाही. नऊ केलंय.

रविवारचा_बाबा
नऊ ते सव्वानऊ असं लिहा ताई. आमच्याकडे नुसतं 'नऊ' होतं, त्यावरही एकदा वाजलं होतं.

ओसरी
लिहिते.